पहाटे चार वाजून बारा मिनिटं

“मावशी, आता अजिबात हलायचं नाही. श्वास घ्या... हां, धरून ठेवा.”

हे वाक्य राजशेखर झोपेतसुद्धा म्हणतो, असं त्याची बायको पुनम चारचौघांत सांगते आणि लोक हसतात. लातूरच्या एका हाडांच्या दवाखान्यात तो बावीस वर्षं एक्स-रे काढतो आहे. खेड्यातली माणसं त्याला डॉक्टर म्हणतात. तो ते दुरुस्त करत नाही. त्या दिवशी सकाळी मात्र त्याचे डोळे चुरचुरत होते. रात्रभर जागून तो तसाच ड्यूटीवर आला होता. पँटला कुसळं चिकटलेली होती आणि शर्टाच्या खिशात कॅमेऱ्याचं कार्ड होतं.

टेबलावरच्या म्हातारीचा उजवा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या अंगाला कललं होतं. खुबा मोडलाय हे कळायला फोटोची गरजच नव्हती.

“कसं पडलात?” त्यानं सवयीनं विचारलं.

“काय सांगू दादा. पहाटं भायेर जायला निघाले. लाईट होती म्हनून बिनघोर निघाले बघा. मदी गेले अन् गेली की लाईट! डोळ्याम्होरं काय बी दिसंना. पाय नालीत.” ती कण्हली, मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “जल्म गेला अंदारात चालून, कदी पडले न्हाई. अंदार असला की मानूस पाय बघून टाकतंय. ह्या लाईटीनं सवय मोडली माजी.”

“गाव कुठलं?”

“खडकहिप्परगा. देवनीच्या अल्याड.”

राजशेखरचा हात बटणावरच राहिला. बोलणं संपवून म्हातारीनं पुन्हा श्वास धरला होता, तो सोडा असं सांगायचंही त्याला सुचलं नाही.

“सोडू का दादा आता?” तिनंच शेवटी विचारलं.

बाहेर बाकावर तिची मुलगी बसली होती. बुद्धप्रिया तिचं नाव. नांदेडला शाळेत शिकवायची, दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. तिनं कागद पुढं केला. केवळाबाई, वय अडुसष्ट. “काय निघालं सर?” तिनं विचारलं. “डॉक्टर सांगतील,” असं म्हणून राजशेखर आत वळला आणि दार लावून घेतलं. हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला.

लोक चाळिशीत चष्मा घेतात, राजशेखरनं कॅमेरा घेतला होता. आधी माहूरच्या डोंगरावरचं धुकं झालं, चाकूरकडची हरभऱ्याची रानं झाली, मग त्याची मान वर गेली ती गेलीच. चांगलं आकाश हवं तर अमावस्या हवी. घरात अमावस्येला कुणी नव्या कामाला हात लावायचं नाही आणि जावई मात्र अमावस्येची वाट बघतोय, पिशवी भरून माळावर निघतोय, हे पाहून सासूबाईंनी एकदा पुनमला बाजूला घेऊन हळूच विचारलंही होतं, सगळं ठीक आहे ना म्हणून. पुनम पोट धरून हसली होती.

पण नादामागं आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यानं पुनमलाही सांगितली नव्हती. बावीस वर्षांत त्यानं काढलेल्या फोटोंवर पेशंटचं नाव असतं, डॉक्टरांचं असतं, दवाखान्याचं तर ठळक असतं. काढणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. एकदा तरी आपण काढलेला फोटो भिंतीवर लागावा, खाली आपलं नाव असावं आणि चार माणसांनी थांबून ते वाचावं, एवढी त्याची हाव होती. हाव लहान होती, पण होती.

खडकहिप्परग्याच्या माळावर एक पळस आहे. मार्चात तो नुसता पेटलेला असतो आणि पहाटे चारच्या सुमाराला आकाशगंगा बरोबर त्याच्या मागून, आग्नेयेकडून वर येते. राजशेखरनं ते फोनवर बघून, माळावर चालून, दिशा लावून पक्कं केलं होतं. अडचण एकच होती. त्याच दिशेला खाली बौद्धवस्ती होती आणि वस्तीच्या चौकात दीड वर्षापूर्वी उंच खांबाचा हायमास्ट दिवा लागला होता. त्याच्या पांढऱ्या उजेडात आकाशाचा खालचा निम्मा भाग पार धुऊन निघायचा.

गावातला दिवा लावायचा-मालवायचा आणि पाणी सोडायचं काम ग्रामपंचायतीचा शिपाई संगप्पा करायचा. हा फोटोवाला सायेब माळावर आला की त्याच्यासोबत बसायला त्याला आवडायचं. संगप्पाच्या पोरीचा स्थळाला पाठवायचा फोटो राजशेखरनंच काढून दिला होता आणि तिचं जमलंही होतं. त्यामुळं म्हातारी पडली त्या पहाटे राजशेखरनं विचारलं, “अर्धा घंटा बंद ठेवता येईल का रे ती लाईट?” तेव्हा संगप्पाला नाही म्हणणं जड गेलं.

“वस्तीतली व्हय?” तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “कोन उठतंय आत्ता. करतो की.”

दिवा गेला आणि आकाश एकदम खालपर्यंत उतरलं. राजशेखरच्या तोंडून “अरे बापरे” एवढंच निघालं. त्यानं एकापाठोपाठ एक फोटो घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या फोटोच्या वेळी खाली वस्तीत कुत्री भुंकली. कुणीतरी हाका मारत होतं. एक बाई ओरडली. त्यानं ते ऐकलं. ऐकूनही त्यानं कॅमेऱ्याकडेच बघितलं आणि चौथा फोटो घेतला, मग पाचवा.

त्याच दुपारी दवाखान्यात संगप्पाचा फोन आला. “म्हातारी पडली म्हनं. मी फ्यूज उडाला म्हनून सांगून राहिलोय समद्यांला. तुमी बी तेच ध्यानात ठिवा, सायेब.”

“बरं,” राजशेखर म्हणाला. त्या एका ‘बरं’ची त्याला पुढं जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नसेल. त्या क्षणी मात्र त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं.

केवळाबाईचं ऑपरेशन झालं. आठ दिवस ती वरच्या मजल्यावर होती. राजशेखर रोज जिन्यापर्यंत जायचा आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून परत यायचा. कार्डाला हात लावायचा नाही असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी त्यानं फोटो उघडले आणि तिसऱ्यावर थांबला. काळ्या मातीवर लालभडक पळस आणि त्याच्या डोक्यावरून धुरासारखी चढत गेलेली आकाशगंगा. असा फोटो आपल्या हातून परत होणार नाही हे त्याला कळलं. आनंद झाला. त्या आनंदाची लाज वाटली. मग लाजेसकट त्यानं तो फोटो नांदेडच्या प्रदर्शनाला पाठवून दिला.

फोटोखाली ठिकाण, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचे आकडे लिहायचे, ही या हौशी मंडळींची रीत. आकडे लपवणाऱ्याला ते लबाड समजतात. राजशेखरनं सगळं चोख लिहिलं: ‘खडकहिप्परगा, १० मार्च, पहाटे ४.१२. एकच फोटो, कोणतीही जोडाजोड नाही.’ एकीकडं एवढं खोटं पचवलेला माणूस दुसरीकडं मिनिटाचाही फरक पडू देत नव्हता. त्याचं त्यालाही नवल वाटलं नाही.

जुलैमध्ये नांदेडच्या त्या सभागृहात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ. दोन शब्द बोला म्हणाले. त्यानं घरी आरशासमोर तयारी केली होती. “मोठ्या शहरातल्या लोकांना जे पैसे टाकून मिळत नाही ते आपल्या मराठवाड्याकडं आहे,” तो म्हणाला. “आपल्याकडं अजून अंधार शिल्लक आहे. ही आपली श्रीमंती आहे, ती जपली पाहिजे.” टाळ्या पडल्या. पुनम पहिल्या रांगेत होती. तिनं फोनवर सगळं टिपून घेतलं.

चहाच्या वेळी तो आपल्या फोटोपाशी गेला. लोक थांबून खालचं नाव वाचत होते, अगदी त्याला हवं होतं तसंच. गर्दी पांगली तरी एक बाई तिथंच उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं आणि राजशेखरनं तिला ओळखलं.

“नमस्कार सर,” बुद्धप्रिया म्हणाली. “आमच्या गावाचा फोटो लागलाय म्हणून कुणीतरी ग्रुपवर टाकलं, म्हणून आले. तुम्ही काढलाय हे माहीत नव्हतं.”

“आईंची तब्येत?”

“वॉकर घेऊन चालते. उंबऱ्यापर्यंत.” तिनं परत फोटोकडं पाहिलं. पळसाच्या डाव्या अंगाला, खाली, जिथं काळोख होता तिथं तिनं बोट नेलं. “इथं आमची वस्ती आहे. दिवा कसा नाही दिसत?”

“तो... नंतर काढून टाकला. कॉम्प्युटरवर.”

तिनं बोट खाली आणलं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, मुलांना शिकवताना वाचावं तसं, सावकाश. “दहा मार्च. पहाटे चार बारा. एकच फोटो, कोणतीही जोडाजोड नाही.”

 त्याचं आत्ताचं बोलणं आणि फोटोखालची ओळ, दोन्हीपैकी एक खोटं होतं आणि कुठलं ते तिला कळलं होतं. अंगावरची शाल त्याला चावायला लागली. ती काढून ठेवायलाही हात उचलेना.

“त्या खांबासाठी मी अकरा अर्ज लिहिलेत सर,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं. “दुसरीकडं सगळीकडं लागले, आमच्याकडं शेवटी. आई म्हणते, लाईट तिच्या नशिबातच नव्हती. चार महिने ती नशिबाला बोल लावतेय. आता तुमचं भाषण पण ऐकलं मी.” तिनं पर्स खांद्याला लावली. “मी काही तिला सांगणार नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा.”

परतताना गाडीत पुनम फोनवरच्या टाळ्या पुन्हा पुन्हा ऐकत होती. लोह्याच्या पुढं राजशेखरनं गाडी बाजूला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. तिनं फोन बंद केला.  घरात शिरताना एवढंच म्हणाली, “जाऊन या तिथं. मी येत नाही.”

पुढच्या रविवारी दुपारच्या एसटीनं तो खडकहिप्परग्याला गेला. कॅमेरा नेला नाही. वस्तीत शिरताना ती नाली त्याला पहिल्यांदा उजेडात दिसली. हातभर रुंद, वर फरशी नाही. इतक्या वेळा माळावर येऊन तो एकदाही इकडं आला नव्हता.

केवळाबाई ओसरीवर बसली होती, बाजूला वॉकर. मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

“जयभीम. कोन? फोटोवाले डाक्टर न्हव का? या या, बसा.” आणि आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

राजशेखर बसला नाही. बसलो तर बोलणं होणार नाही हे त्याला माहीत होतं. “मावशी, फ्यूज उडाला नव्हता. त्या पहाटे मी माळावर होतो. आभाळाचा फोटो काढायचा होता, दिव्यानं खराब व्हायचा, म्हणून मी संगप्पाला बंद करायला लावला. तुम्ही माझ्यामुळं पडलात. दवाखान्यात तुम्ही गाव सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं. मी बोललो नाही. त्या फोटोला बक्षीस मिळालं, ते घेताना पण बोललो नाही.”

आत पातेल्याचा आवाज थांबला.  केवळाबाईनं शिव्या द्याव्यात म्हणून तो वाट बघत होता. तिनं मांडीवरचा पदर सारखा केला.

“किती येळ पायजे होता तुमाला?”

“अर्धा तास.”

“अर्दा घंटाच की.” ती थांबली. “मंग आमाला इचारायचं ना दादा. रातीच येऊन सांगायचं, मावशी पहाटं अर्दा घंटा लाईट बंद करतो, भायेर निघू नका. बसलो असतो की घरात. समदी वस्ती बसली असती.” मग खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं तिनं विचारलं, “काहून इचारलं न्हाई?”

 विचारायचं सुचलं नाही, हे खरं उत्तर होतं. संगप्पाला विचारलं, आकाशाचं फोनवर बघितलं, अमावस्या बघितली, पळस कधी फुलतो ते बघितलं. खाली माणसं राहतात, दिवा त्यांचा आहे, त्यांना विचारावं, हे मनात आलंसुद्धा नव्हतं. ते तो तिच्या तोंडावर बोलू शकला नाही. तो जमिनीकडं बघत उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“चा घ्या,” ती म्हणाली. “थंड होतोय.”

त्यानं उभ्यानंच चहा घेतला. तिनं फोटोबद्दल काही विचारलं नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. दिवस बुडाला होता. शेवटची एसटी गाठायची म्हणून तो निघाला, तशी तिनं हात वर केला.

“थांबा वाईच. लाईट लागू द्या, मंग जावा. तितं नाली हाय.”

तो ओसरीच्या कडेला टेकला. दोघंही खांबाकडं बघत बसले. थोड्या वेळानं संगप्पा सायकलवर आला, राजशेखरला तिथं बसलेलं पाहून जागीच थबकला, मग मान खाली घालून पेटीकडं गेला. दिवे आधी मिणमिणले, मग सगळा चौक पांढरा झाला. घरांच्या भिंती, वॉकरचे पाय, अंगणातली भांडी, सगळं लख्ख दिसू लागलं.

राजशेखर हात जोडून निघाला. नाली त्याला स्वच्छ दिसत होती, तरी त्यानं थांबून, पाय बघून टाकला. मागून तिचा आवाज आला.

“गेलाव का नालीच्या पुढं?”

“हाव मावशी,” तो म्हणाला. “गेलो.”