हार्लन फॉस सैनिक नव्हता

हार्लन फॉसने बिल काउंटरवरून परत सरकवलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, यात दहा टक्के कमी लावलेत तुम्ही."

"हो," काउंटरमागची बाई म्हणाली. छातीवरच्या पट्टीनुसार तिचं नाव ट्रूडी होतं. "सैनिकांना सवलत असते आमच्याकडे."

"मी सैनिक नाही."

हे वाक्य तो इतकी वर्षं म्हणत आला होता की ते आता आपोआप बाहेर पडायचं आणि मागोमाग पुढचंही यायचं. "आम्ही हवाई शोधपथकाचे स्वयंसेवक. हरवलेली विमानं शोधतो, घर विसरलेले म्हातारे शोधतो. पगार नाही आणि लढाईही नाही. कपडे तेवढे सारखे दिसतात."

दोष कपड्यांचाच होता. हवाई दलाच्या खांद्यावरच्या पट्ट्या निळ्या, पथकाच्या करड्या. बाकी शर्टापासून बुटापर्यंत सगळं तेच. हा फरक ज्याने कोणी ठरवला, त्याची अशी समजूत असावी की लोक गणवेशाच्या खांद्याकडे बघतात. नेब्रास्कातला माणूस गणवेश दिसला की बघायचं थांबतो आणि आभार मानायला लागतो.

म्हणून हार्लनने नियम केला होता आणि पथकात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला तो ऐकवायचा. सवलत मागायची नाही. कोणी दिली, तर आपण कोण ते आधी सांगायचं. तरी दिलीच, तर भांडायचं नाही, मान तुकवायची आणि तेवढे पैसे तिथल्या एखाद्या देणगीच्या डब्यात टाकून निघायचं. पथकातले लोक याला 'हार्लनचं प्रवचन' म्हणत आणि तो समोर असेपर्यंत पाळत.

एरवी प्रवचन ऐकून दुकानदार "असं होय" म्हणायचे आणि जरा खट्टू होऊन पुरी किंमत लावायचे. ट्रूडीने तसं काही केलं नाही. ती पुढे वाकली, आवाज खाली आणून म्हणाली,

"माहीत आहे मला. तुम्ही असंच म्हणणार हे सांगून ठेवलंय आम्हाला."

"कोणी?"

"लाइलनी. लाइल प्रुइट, तुमचे प्रमुख. म्हणाले, आमच्यातला तो उंच, पांढऱ्या मिशीचा आला ना, तर म्हणेल की मी सैनिक नाही. म्हणू द्या त्याला, वाद घालू नका. तिकडे काय झालं ते तो कोणाला सांगत नाही." तिने डोळ्याच्या कडेला बोट लावलं. "माझे मामा असेच होते हो. व्हिएतनामहून आले ते मरेपर्यंत म्हणत होते, मी तिथे नुसते बटाटे सोलले. गेल्यावर मोज्यांच्या खणात पदकं निघाली."

"हे बघा, मला सैन्यात घेतलंच नाही. डावा कान गेलेला आहे माझा."

"कान," ट्रूडी म्हणाली आणि रांगेतल्या मागच्या गृहस्थाकडे तिने अर्थपूर्ण पाहिलं. "स्फोटात?"

"गोवरात."

मागच्या गृहस्थाने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

हार्लनने बॅटऱ्यांची पिशवी उचलली, कमी झालेले पैसे अग्निशमन दलाच्या डब्यात टाकले आणि बाहेर येऊन आपल्या पिकअपमध्ये बसला. किल्ली हातात होती, ती लावायचं मात्र त्याला बराच वेळ सुचलं नाही.

शेजारच्या मार्लो गावातल्या या दुकानात तो आज पहिल्यांदाच आला होता. इथे हे माहीत, तर आपल्या कार्स्टनमध्ये काय असेल? आणि मग एकेक आठवत गेलं. कार्स्टनचा न्हावी गेली काही वर्षं त्याच्या मानेवर वस्तरा फिरवण्याआधी "आता वस्तरा लावतोय हं" असं का सांगतो. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांच्या वेळी शेजारीण केक घेऊन येऊन का बसते, आणि फटाके संपल्यावरच का जाते. तो समजत होता, अर्डिस गेल्यापासून लोकांना आपली दया येते. विधुराला केक मिळतो यात नवल ते काय.

खरी गोष्ट लहान होती. एकोणीस वर्षांचा असताना गावातल्या बरोबरीच्या पोरांसोबत तो सैन्यभरतीच्या तपासणीसाठी बसने ओमाहाला गेला. डॉक्टरने डाव्या कानाशी घड्याळ धरलं, मग चिमटीने कागद बाजूच्या गठ्ठ्यावर टाकला. संध्याकाळच्या बसला हार्लन एकटा होता. बाकीचे पुढे गेले आणि त्यातले दोघे परत आले ते झेंड्यात गुंडाळून. त्यांच्या आया चर्चमध्ये त्याच्याकडे बघायच्या, वाईट नाही, नुसत्या बघायच्या. त्याने आयुष्यभर धान्याच्या कोठारावर वजनं केली, आणि जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही हे एकच व्रत पाळलं. ही बसची गोष्ट त्याने लग्नाआधी अर्डिसला सांगितली होती. आणि एकदा लाइलला, एका हरवलेल्या म्हातारीचा शोध फुकट गेल्यावर, विमान उतरवून दोघे पंखाखाली गवतात बसले असताना.

अर्डिस आता नव्हती. म्हणजे उरला लाइल.

*

लाइल प्रुइट विम्याचा धंदा करायचा, विमान चालवायचा आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात बोलायचा. गाडीत असो की विमानात, तो डावीकडे बसे आणि हार्लन उजवीकडे. म्हणजे लाइलची बाजू नेमकी बंद कानाची. तुमची मैत्री टिकली ती त्यामुळेच, असं अर्डिस म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथकाच्या सरावानंतर दोघे नेहमीच्या खानावळीत समोरासमोर बसले. लाइलने पॅनकेकवर पाकाची धार धरली होती.

"मार्लोला गेलो होतो," हार्लन म्हणाला.

"मिळाल्या बॅटऱ्या?"

"सवलतीत मिळाल्या."

पाकाची धार क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली. "ट्रूडी होती वाटतं. भली बाई आहे."

"लाइल, तू तिला काय सांगितलंस?"

"मी खोटं एक अक्षर बोललेलो नाही. मी म्हटलं, तो त्याबद्दल बोलत नाही. आता बोलतोस का तू?"

"मी रोज बोलतो. मी सैनिक नाही असं रोज, दिसेल त्याला सांगतो."

"तेच तर म्हणतोय मी. असं रोज कोण सांगतं रे? मी दंतवैद्य नाही असं मी सांगत फिरतो का?" लाइलने काटा खाली ठेवला. त्याला आपला मुद्दा आवडला होता, पण समोरचा चेहरा बघून त्याने तो तिथेच सोडला. "बरं, ऐक. सुरुवात तूच केलीस. ती बेकरीवाली आठवते? पोरगा नौदलात, सहा महिने पत्ता नाही. तिने आपल्यापुढे केक ठेवला आणि तू तिला प्रवचन दिलंस. बाई अशी उभी राहिली, हातात सुरी तशीच. तू गाडीत जाऊन बसलास. मागे मी होतो. काहीतरी म्हणायला नको?"

"मग हे म्हणालास."

"तिला बरं वाटलं. तिला कोणाला तरी केक द्यायचा होता, हार्लन. मग तिने बहिणीला सांगितलं, बहीण न्हाव्याकडे कामाला."

"आणि मार्लोत?"

लाइलने पॅनकेकचा तुकडा पाकात बुडवला, पुन्हा बुडवला. "मार्लोत जरा मीच. नव्या रेडिओसाठी देणगी हवी होती. दुकानाचा मालक द्यावी की नाही यात अडकला होता."

"म्हणजे विमानातला रेडिओ माझ्या नावावर मिळालाय."

"चांगला रेडिओ आहे."

खानावळीतली बाई कॉफी ओतून गेली. जाताना तिने हार्लनच्या खांद्याला अगदी हलका स्पर्श केला. करड्या पट्टीलाच.

"तू खोटं बोलला असतास तर मला खोडता आलं असतं," हार्लन म्हणाला. "तू माझं खरं तेच वापरलंस. आता मी तोंड उघडलं की तुझीच गोष्ट पुढे जाते."

लाइलने नजर खाली घातली. त्याला असं गप्प बघायची कोणाला सवय नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं.

"तुला सगळं माहीत होतं," हार्लन म्हणाला. "त्या संध्याकाळी सांगितलं होतं मी. बसचं, कानाचं."

"हो. कानाचं." लाइलने बशी बाजूला सारली. "कानाचंच म्हणू आपण."

"म्हणू काय? आहेच ते."

"तेच रे. चिडू नकोस." त्याने हात पुसले. "काय करू सांग. दारोदार फिरू?"

"मंगळवारी शाळेत कार्यक्रम आहे. अख्खा गाव असतो. पथकातर्फे तू बोलतोस. तिथे सांग."

"काय सांगू?"

"हेच, की हार्लन सैनिक नव्हता."

"असं, उघड?"

"उघड. माझ्यासमोर."

लाइलने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "सांगतो. शब्द देतो तुला."

हार्लनने आपल्या न्याहारीचे पैसे बशीखाली ठेवले. दोघांच्या न्याहारीचे ठेवायची त्याची सवय होती. आज त्याने आपल्यापुरतेच ठेवले.

*

माजी सैनिकांच्या दिवसाला कार्स्टनच्या शाळेत व्यायामशाळेत खुर्च्या मांडतात. आधी पोरं गातात, मग बँड एकेका दलाचं गाणं वाजवतो आणि त्या त्या दलात नोकरी केलेले लोक आपापल्या जागी उभे राहतात. जो तो उभा राहिलेला बघायला सगळे माना वळवतात. शेवटी चिली, म्हणजे राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा रोल. हार्लन दर वर्षी बसून असे आणि चिलीच्या वेळी ताटं लावायला मदत करी.

या वर्षी त्याच्या शेजारी ओर्विल सेडलाचेकची चाकांची खुर्ची आणून लावली होती. ओर्विल कोरियाच्या युद्धातला, आता नव्वदीपुढचा. पायदळाचं गाणं लागलं तेव्हा त्याने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला चार बोटं वर उचललं आणि गाणं संपेपर्यंत तसाच थरथरत राहिला. हार्लनने आधारासाठी हात पुढे केला, आणि मग आपल्याला तो अधिकार नाही असं वाटून मागे घेतला.

लाइल माइकपाशी गेला. पथकाने वर्षभरात काय केलं ते त्याने सांगितलं, एक विनोद केला, लोक हसले. मग त्याने माइक उगाच वर केला, पुन्हा खाली केला.

"आमच्यात एक माणूस आहे," तो म्हणाला. "तुम्ही सगळे त्याला ओळखता. त्याने मला तुम्हाला एक गोष्ट सांगायला सांगितलीय. मी शब्द दिलाय." त्याने हार्लनकडे पाहिलं. "तो म्हणतो, मी सैनिक नव्हतो."

व्यायामशाळेत कोणी खोकलंसुद्धा नाही.

"हार्लन फॉस सैनिक नव्हता," लाइल म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला. "त्याला हे सांगायचं होतं. सांगितलं मी."

तो आणखी काही बोलणार होता, पण त्याने हाताने नको अशी खूण केली आणि तोंड वळवलं. पहिल्या रांगेत न्हावी मान खाली घालून बसला होता. बेकरीवालीने पर्समधून रुमाल काढला. मागे कुठेतरी कोणीतरी नाक शिंकरलं, आणि हार्लनच्या ध्यानात आलं की शब्द पाळला गेलाय, अगदी अक्षरशः.

तो उठला. त्याला एवढंच म्हणायचं होतं की लोकहो, हे खरं आहे, साधं खरं. पण या दिवशी या जागेत माणूस उभा राहतो तो एकाच कारणासाठी. त्याचे गुडघे पुरते सरळ होण्याआधीच टाळी पडली, आणि ती पुढून मागे, रांगांमागून रांगा उभ्या करत गेली. बँडमास्तरीण गोंधळली; मग तिने जे सुचलं ते वाजवायला लावलं.

"मी—" हार्लन म्हणाला. ते त्यालाच ऐकू आलं नाही.

ओर्विलने त्याची बाही ओढली. हार्लन वाकला.

"कुठे होतास रे तू?" म्हाताऱ्याने विचारलं.

"इथेच होतो. कार्स्टनमध्ये. कोठारावर मका तोलत होतो."

ओर्विलने सावकाश मान हलवली, पुन्हा पुन्हा, आणि त्याची बाही सोडली नाही.

लाइल मंचावरून उतरून गर्दीतून वाट काढत येत होता. हार्लन त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधत होता. सापडली असती तर बरं झालं असतं. त्या चेहऱ्यावर तळहात उमटवायला तो तयार होता. डोळ्यांत मिश्कीलपणा, ओठांच्या कोपऱ्यात धंदेवाईक हसू, काहीही चाललं असतं. लाइल जवळ आला. त्याचे डोळे लाल होते, गाल ओले होते आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. त्याने हार्लनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी कोणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "पण इतक्या वर्षांची दोस्ती आहे आपली. मला तरी सांग हार्लन. तिकडे काय झालं होतं?"

हार्लनने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि काही न बोलता ताटं मांडायला गेला. लोक त्याला वाट देण्यासाठी बाजूला झाले.