शेंगेवाचून नाव नाही

दादाने कोरड्या रानातून आणलेलं शेवटचं रोप माझ्या टेबलावर पडून होतं. त्रिदळी पानं, जांभळी फुलं. शेंग मात्र नाही. शेंगेवाचून या कुळातल्या रोपाला नाव देणं म्हणजे अंधारात तीर मारणं, हे त्यानेच मला शिकवलेलं. आणि स्वतःच विसरला. गेलेल्या भावावर चिडू नये म्हणतात, मी चिडलो.

घरी जाऊन वहिनीला हे बोललो, तर ती आतून त्याची रानातली पँट घेऊन आली.

"धुवायला मन धजलं नाही."

पँटच्या पायांना शेंगांचे चपटे, आकडेदार तुकडे चिकटलेले होते. त्यातला एक भिंगाखाली धरला आणि रोपाची ओळख पटली.

"एक पुरेल ना भावजी?" वहिनी म्हणाली. "बाकीचे राहू देत तिथेच."