मध्यवार

आमच्या उशांच्या कारखान्यात बुधवारला बुधवारच म्हणत. मग मालकांचे जावई साहेब होऊन आले आणि त्यांनी त्याचं नाव मध्यवार ठेवलं. अर्धा आठवडा सरला, अर्धं ओझं उतरलं, म्हणून आनंद करायचा, असा अर्थही समजावून सांगितला. शनिवारी आम्हाला काम असायचंच, रविवारीही अधूनमधून बोलवत. तेव्हा मध्य नेमका कुठे येतो, हे विचारायची सोय नव्हती. दुपारी केक यायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो. पोटासाठी माणूस काय काय वाजवतो!

केक झाला की जावईबापू एकाला आत बोलवायचे आणि कामावरून काढायचे. तोंड गोड असलं की माणूस आरडाओरडा करत नाही, हे ते कुठल्याशा शिबिरात शिकून आले होते. बघता बघता बहुतेक शिवणारे गेले आणि खोळींचे ढीग शिलाईविना पडून राहिले. शब्द मात्र रुजला. कोणी दिसेनासा झाला की आम्ही म्हणायचो, त्याचा मध्यवार झाला. आपला शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे एवढंच जावईबापूंच्या कानावर गेलं, आणि स्वारी खूश झाली.

या बुधवारी पाळी माझ्या शेजारच्या मशीनवरच्या काकूंची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. काकू केकला कधी हात लावत नसत, जणू न खाल्ल्यानं संकट टळणार होतं. मला इतका संताप आला होता की एकही शिलाई सरळ पडेना.

नेमके त्याच दिवशी, ऑर्डरी का रखडल्या ते बघायला मालक आले. जावईबापूंना सासऱ्यांपुढे आपला शब्द मिरवायचा होता. त्यांनी काकूंनाच पुढे बोलावलं आणि मध्यवार म्हणजे काय ते सांगायला लावलं.

"माणसाला केक देऊन काढून टाकायचा दिवस," काकू म्हणाल्या. "आज माझा आहे."

मालकांनी खोळींच्या ढिगाकडे पाहिलं आणि शिवणारे किती उरले ते विचारलं. काकूंनी आधी स्वतःकडे, मग माझ्याकडे बोट दाखवलं. मालकांनी केकचा मोठासा तुकडा कापून जावयाच्या हातात ठेवला.

"घ्या जावईबापू, तोंड गोड करा," ते म्हणाले. "आणि मग जरा आत या."

काढलेल्यांना कोणी परत बोलावलं नाही. मालकही काही देवमाणूस नव्हेत. पण काकूंचं मशीन चालू राहिलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा केक खाल्ला, एक तुकडा यजमानांसाठी रुमालात बांधला आणि मला म्हणाल्या, चव बरी आहे.