डोळ्याला न कळणारा फरक

ए वैजू, चहा राहू दे, तू आधी नुसतं ऐक. मधी बोलू नको.

आमच्या सोमशेखर अण्णांची ती लग्न जुळवायची वेबसाइट हाय की, मी जितं कामाला जाते. तर ती लवकर उघडायचीच न्हाय गं. लोक फोनवरनं काढलेले हे एवढे मोठ्ठे फोटो टाकतेत, आणि तिकडं गावाकडं रेंजची एकच दांडी. पोरीचं नाव दिसायचं, शिक्षण दिसायचं, तोंडाच्या जागी नुसतं गोल फिरत राहायचं. लोक कंटाळून बंद करायचे आणि अण्णा माझ्यावर वैतागायचे. मग मी सगळे फोटो वेबपीमधी बदलले. म्हणजे बघ, फोटो तोच, पण लई हलका. डोळ्याला कळणार न्हाय असं बारीकसारीक ते आपलं आपण पुसून टाकतंय. मी क्वालिटी आणखी खाली ओढली, अजून हलकं व्हावं म्हणून. दोन-चार फोटो बघितले, बरे वाटले, सगळे चढवले. साइट अशी पळायला लागली की अण्णा म्हणले, आता तोंड आधी येतंय आणि नाव मागनं धावतंय.

आता भुवनेश्वरीचं ऐक. दुधनीची, कमलम्मांची पोरगी, तितंच शाळेत शिकवती. तिच्या ओठाच्या कडेला कोडाचा डाग हाय, पार हनुवटीपर्यंत. फिकट हाय, पण हाय. पूर्वी स्टुडिओतला, डाग पुसलेला फोटो बघून लोक यायचे आणि तिला समोर बघितलं की पोहे तसेच ठेवून उठायचे. म्हणून आमच्याकडं नाव घालताना तिनं मला बजावलं होतं, पावडर न्हाय, फिल्टर न्हाय, डाग दिसलाच पाहिजे, ज्याला चालतंय त्यानंच फोन करावा. तेव्हापासून एक फोन आला न्हाय. अण्णा किती मागं लागले, तरी तिनं फोटो बदलला न्हाय.

आणि परवा तिचा मला फोन. वैरागचं स्थळ रविवारी बघायला येतंय. मृत्युंजय म्हणून मुलगा, औषधाचं दुकान हाय. हसत होती. म्हणली, "डाग बघून येतेत गं. पहिल्यांदाच."

मी लई खुश. म्हणलं बघू तरी, आणि साइटवर तिचा फोटो उघडला.

वैजू, डागच न्हाय.

गाल, ओठ, हनुवटी, सगळं एका रंगाचं, गुळगुळीत. तिनं दिलेला फोटो काढला, त्यात हाय. दोन्ही शेजारी ठेवून बघत बसले. आख्ख्या फोटोत जे दिसावं म्हणून ती अडून बसली होती, नेमकं तेच त्या वेबपीला बिनकामाचं वाटलं.

अण्णांना दाखवलं. ते म्हणले, गप बस, देवानंच केलंय समज, पोरगी समोर बसली की माणसाचं मन बदलतंय. मी म्हणलं, आणि न्हाय बदललं तर? ते चष्मा पुसत राहिले.

मला राहवलं न्हाय. काल तिला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. तर तिकडनं नुसता मिक्सरचा आवाज. मी म्हणलं, खरा फोटो आत्ताच्या आत्ता चढवते, त्यांनापण पाठवते.

"नको," ती म्हणली. "रविवारपर्यंत तसाच राहू दे."

"अगं, पण तूच म्हणली होतीस की."

"व्हय, मीच म्हणले होते." मग म्हणली, "आयनं साडी आणलीय गं. सगळ्या गल्लीला दाखवून आली."

आणि फोन ठेवला.

उद्या रविवार. मृत्युंजयचा नंबर माझ्याकडं हाय, खरा फोटोपण हाय, पाठवायला एक बोट लागतंय. पाठवला तर तिनं नको म्हणलेलं केलं. न्हाय पाठवला आणि उद्या पोहे तसेच राहिले, तर ते कुणामुळं? सकाळपासनं फोन हातात घेते आणि ठेवते.

आता बोल. तू काय केलं असतंस?