चार टोप्या

‘टक्’ असा कोरडा, आखूड आवाज आला की समजायचं, बाबांनी आणखी एका चाकाला टोपी बसवली. भांडुपच्या चाळीसमोर, फाल्गुनातलं पांढरंफटक ऊन उघड्या पाठीवर झेलत ते आपल्या जुन्या गाडीपाशी उकिडवे बसायचे. चाकाच्या मधल्या भोकावर ती प्लॅस्टिकची गोल टोपी अलगद ठेवायचे, मान किंचित कलती करायचे आणि तळहाताच्या मुळाने एकच रट्टा द्यायचे. मग कान द्यायचे. टोपी नीट बसली की नाही, याचा निवाडा त्यांचा कान करी. डोळ्यांना त्या दरबारात प्रवेशच नव्हता. आणि माझं डोकं फिरायचं ते नेमकं यामुळेच.

कारण डोळ्यांनी बघितलं असतं तर लाज वाटली असती हो! गिरणी बंद पडल्यावर उरलेली उमेदीची वर्षं टायरच्या दुकानात घालवलेला हा माणूस. म्हातारपणी हौसेने सेकंडहँड गाडी घेतली, तर तिला आधीच्या मालकाने बाहेरून घेतलेली चकचकीत मॅगव्हील चाकं लावलेली, पण मधल्या टोप्या चारही गायब. बाबांनी त्या जमवल्या. एक कांजूरच्या सिग्नलपाशी गटाराच्या कडेला मिळाली, दुसरी भंगारवाल्याच्या ढिगात, उरलेल्या दोन कुठून आणल्या देव जाणे. चार चाकं, चार कंपन्यांची चिन्हं, आणि मापाची एकही नाही. लहान पडली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कडेने गुंडाळायची, मोठी पडली तर कानशीने घासायची. गटारातली ती वस्तू नखाने खरवडून, लुंगीला पुसून, वर तिच्यावर फुंकर मारताना त्यांना पाहिलं की माझ्या अंगावर शिसारी यायची. शी!

“बाबा, निदान चार सारख्या तरी घ्या,” मी म्हणायचो.

“चाक फिरता मा? मगे टोपी कित्या बघतंस?” ते हसायचे, आणि त्या हसण्यात माझ्या मुलुंडच्या फ्लॅटची, माझ्या इस्त्रीच्या शर्टाची काडीचीही भीड नसायची. त्या हसण्याचीही मला चीड होती.

मग रेवाचा, माझ्या एकुलत्या एक मुलीचा, साखरपुडा ठरला. आमच्या घरात मुलीच्या ओटीतला पहिला नारळ आजोबा घालतात. बाबा महिनाभर आधीपासून येईल त्याला सांगत होते, “माज्या नातीक नारळ मीच देतलंय.” देवगडहून खास एक नारळ मागवून, त्याची शेंडी नीट विंचरून, त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता. मी एवढंच म्हणालो, “या, पण ते ध्यान सोसायटीत आणू नका. रिक्षाने या.”

त्या दिवशी सकाळी पाहुणे यायला अर्धा तास होता, आणि ती गाडीच फाटकातून आत आली. धुतलेली, पुसलेली, आरशाला झेंडूची माळ. बाबा उतरले, पांढराशुभ्र लेंगा-सदरा, एका हातात पिशवी, तिच्यात नारळ, आणि दुसऱ्या हाताने चाकाकडे बोट दाखवत लहान मुलासारखे उजळून म्हणाले, “बघ, चारय सारख्यो हाडलंय. व्याह्यांच्या गाडयेर असत त्योच!”

मी पाहिलं आणि माझं रक्त खवळलं. व्याही पहिल्यांदा आले तेव्हा बाबांनी त्यांच्या त्या लांबलचक परदेशी गाडीची चाकं तेवढी न्याहाळली होती. तेच चिन्ह आता या खटाऱ्याच्या चारही चाकांवर, ट्यूबच्या काळ्या पट्ट्या कडेने डोकावताहेत अशा थाटात, चमकत होतं. व्याह्यांना वाटेल आपली टिंगल चालली आहे! मी कोणाच्या तरी डिकीतला स्क्रूड्रायव्हर आणला आणि भर पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत, त्या चारही टोप्या उचकटून कचऱ्याच्या ड्रममध्ये भिरकावल्या. शेवटची टोपी निघेना, तेव्हा सवयीने बाबांनीच पुढे वाकून अंगठ्याने ती सैल करून दिली.

मग काळ्या झालेल्या बोटांकडे पाहत ते म्हणाले, “हात धुवन येतंय.” पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली आणि गाडीत बसून ते निघून गेले.

व्याह्यांना मी सांगितलं, बाबांना बरं नाही. रेवा दोनदा दाराकडे गेली. नारळ शेवटी मीच दिला.

लग्नापर्यंत बाबा थांबले नाहीत, त्याआधीच गेले. त्यांच्या कपाटात मला बिस्किटांचा डबा सापडला, त्यात त्या जुन्या चार टोप्या होत्या, प्रत्येकीची ट्यूबची पट्टी तिच्याभोवती तशीच. वैशाखातल्या दुपारी मी चाळीसमोर उकिडवा बसलो. टोपी ठेवली, तळहात मारला. फट्ट असा काहीतरी मिळमिळीत आवाज आला आणि टोपी घरंगळत गटाराकडे गेली. मी ती नखाने खरवडली, शर्टाला पुसली, पुन्हा ठेवली. चारही टोप्या, कितीदा तरी. एकही बसली नाही. ज्या माणसाची किळस करण्यात माझी इतकी वर्षं गेली, त्याच्या हाताखाली मी एकदाही बसलो नव्हतो, आणि थूः, कोणाच्या तोंडावर थुंकायचं हेही आता मला नीट कळलं आहे.

गाडी अजून तिथेच उभी आहे. तिच्यावर धूळ साचते, ऊन येतं आणि जातं, आणि मधल्या रिकाम्या भोकांमुळे तिची चारही चाकं आता अगदी सारखी दिसतात.