धूळ न बसणारी काच

माझं डोकं लवकर तापतं, हे मावशीला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. म्हणून समिती येणार त्या सकाळी ती माझ्यापासून चार हात लांबच होती.

समिती साधीसुधी नव्हती. देशात सौर विजेचं मोठं उद्दिष्ट जाहीर झालंय, त्यासाठी ओसाड माळांवर मैलोन्‌मैल पॅनल बसणार आहेत. धूळ साचली की वीज घटते, आणि तिथे प्यायलाच पाणी नाही, तर काच कुठून धुणार? आमच्या प्रयोगशाळेने काचेवर द्यायचा एक लेप तयार केला होता, धूळ टिकू न देणारा. त्याच्यापायी मी हाडाची काडं केली होती. समितीने होकार दिला की तो त्या सगळ्या माळांवर जाणार होता.

चाचणीला धूळ हवी, आणि मावशीच्या घरामागेच ट्रकांचा तळ. तिच्या गच्चीवर दोन पॅनल शेजारी शेजारी लावले, एक लेपाचा, एक साधा. आकडे थेट माझ्या संगणकावर यायचे. साध्याची वीज घसरत गेली, लेपाच्या पॅनलची ढिम्म हलली नाही. मी ऑफिसात कॉलर ताठ करून हिंडत होते.

समितीच्या प्रमुख बाईंनी दोन्ही काचांकडे पाहिलं. एक लख्ख, एक मातकट. त्या खूश झाल्या. मग मावशीला म्हणाल्या, "तुम्हाला याचा काही त्रास नाही ना?"

"त्रास कसला," मावशी खुलली. "सकाळी झाडांना पाणी घालायला येतेच मी. तेव्हा ओलं फडकं फिरवते हिच्या पॅनलवरून. आमच्या ह्यांच्या जुन्या बनियनचं आहे, ओरखडा उठत नाही."

"दोन्ही पुसता?"

"छे. तो हिचा नाही ना. लावताना हीच म्हणाली होती, हा आपला, तो नुसता तुलनेला."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी काय केलं, तर हसले.

"वय झालंय तिचं," मी म्हणाले. "हल्ली विसरते. सुरुवातीला एकदा पुसलं होतं, तेव्हाच मी नको म्हणून सांगितलं. तेच धरून बसलीय." एक शब्द खरा नव्हता. मी तिला पुसू नकोस असं कधी म्हटलंच नव्हतं. इतकी साधी गोष्ट सांगायची मला सुचलीच नव्हती.

मावशी कुणाचं ऐकून घेणारी नाही. रिक्षावाल्याशी, डॉक्टरशी, माझ्याशी, सगळ्यांशी भांडते. मी वाट पाहिली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "असेल. हिला माहीत."

"माझ्या आईचंही असंच आहे," प्रमुख बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. शिफारस करायला हरकत नाही, असं काहीतरी बोलत सगळे चहाला खाली गेले.

मी वायरी गुंडाळत मागे राहिले. आता मावशी मला फाडून खाईल, असं वाटत होतं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ती टाकीपाशी फडकं धरून उभी होती.

"खरंच सांगितलं होतंस का गं मला?" तिने विचारलं. "मला आज सकाळीही पुसल्यासारखं वाटतंय. हे ओलं आहे बघ." तिने फडकं माझ्यापुढे धरलं. "डॉक्टरकडे नेशील का? तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या आईने शेवटी मलाही ओळखलं नव्हतं, आणि तेव्हा आम्हा दोघींना सांभाळणारी हीच होती. मी तिच्या हातातलं फडकं घेतलं, खाली गेले आणि समितीपुढे चहाच्या कपांच्या मधोमध ठेवलं.

"हे आजचं ओलं आहे," मी म्हणाले. "मावशी काही विसरत नाही. खोटं मी बोलले. ही चाचणी धरू नका."

कुणी काही बोलायच्या आत मी पुन्हा जिना चढले. जिला सांगायला हवं होतं, ती अजून वरच होती. मी तिला सगळं सांगितलं, हात धरून, न चिडता. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली, आणि चहाचा गॅस आपण नक्की बंद केलाय की नाही ते बघायला खाली गेली.