वेलीला डोळे होते

"बाबा, ती वेल तुमच्याकडे बघतेय."

डॉन बेलिसारिओंचे हात थांबले. कॉफी तोडायच्या टोपलीचा काठ वळायचं काम चाललं होतं. त्यासाठी त्यांनी भाऱ्यातून एक लांब, तपकिरी, बोटाहून बारीक वेल उपसली होती. दोन वेढे बसलेही होते. तिसऱ्या वेढ्याला वेलीने तोंड उघडलं. आतून ते काळंकुट्ट होतं, शाई प्यायल्यासारखं.

एकोणपन्नास वर्षं बाबा वेली तोडत होते, त्याही कृष्णपक्षातच, नाहीतर भुंगा लागतो. पण जिवंत वेल त्यांनी पहिल्यांदाच विणायला घेतली होती.

त्यांची मुलगी नीदिया शहरातून आली होती ती त्यांना न्यायलाच. सकाळीच तिने बजावलं होतं, "नजर गेली असेल तर रान बंद. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर खुर्ची आहे, तिथे बसायचं." बाबांचे दोन सदरे पिशवीत भरूनही झाले होते.

"बघू दे की," बाबा शांतपणे म्हणाले. "बेहुकिया आहे, वेलीसारखा दिसणारा साप. मुद्दाम आणलीय, तुला दाखवायला."

"विणून दाखवणार होतात?"

"विणल्याशिवाय किती लवचीक आहे ते कसं कळणार?"

नीदिया उकिडवी बसली. सापाने जीभ बाहेर काढली होती आणि तशीच सरळ धरून ठेवली होती.

"आत घेत नाही का जीभ?"

"काडीसारखी धरून बसते. सरड्याला वाटतं, काडीच आहे. मागच्या दातांत विष असतं, पण ते सरड्यापुरतं. माणसाचं बोट सुजतं आणि फजिती होते."

"तुम्हाला चावलीय?"

"फजिती झालीय."

"आणि वारा आला की?"

"झाडाबरोबर डुलते. वारा थांबला की थांबते. दिवसभर वेलीचं सोंग. माझ्यासारख्यालाही फसवते, म्हणजे..." ते अडखळले. "तुझ्यासारखीला."



बाबांनी दोन्ही वेढे चाचपत सोडवले. एकदाही चुकले नाहीत. मग परसातल्या पेरूखाली जाऊन त्यांनी साप फांदीवर ठेवला. सापाने अर्धं अंग आधाराशिवाय हवेत लांबवलं आणि पुढची फांदी शोधली. सगळ्यात जवळ बाबांच्या डोक्यावरची टोपी होती.

"ती बघ," बाबांनी वर बोट दाखवलं. तिथे एक वाळकी वेल लोंबत होती. "वाऱ्यात डुलतेय. दिसली?"

वारा पडला होता. साप टोपीच्या काठावर जीभ धरून बसला होता आणि बाबांचं बोट होतं तिकडेच बघत होता.

नीदियाने ओसरीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"दिसली," ती म्हणाली. "पुढच्या कृष्णपक्षात मी येते, बाबा. मला वेली तोडायला शिकवा."

बाबांचं बोट हळूहळू खाली आलं.

"आणि तुझ्या खुर्चीचं काय?"

"ती काय, बसून राहील."

"सुरी धारदार आण मग. आणि तोडायच्या आधी दरवेळी बघ, ती तुझ्याकडे बघतेय का."

"बघेन. आता मान जरा ताठ ठेवा."

"का गं?"

"असंच. रुबाबदार दिसताय."

त्यांनी मान ताठ केली. नीदियाने पेरूची फांदी हळूच वाकवून टोपीला टेकवली आणि वाट बघत उभी राहिली. सापाला घाई नव्हती.